तीन नद्यांचे गाव आणि पुराच्या रेघा

गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे जर्मनीला जाणे झाले. त्याने हौसेने आम्हा दोघांना डॅन्यूब नदीतून बोटीची सफर घडवली. एके दिवशी सकाळी बोट पासाऊ या जुन्या गावी काठाला लागली. संध्याकाळपर्यंत मुक्काम होता, म्हणून पायीच गाव पाहायला निघालो.

पासाऊ हे ऑस्ट्रियाच्या हद्दीला लागून असलेले संगमावरचे गाव. डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या येथे मिळतात. डॅन्यूब आणि इन यांच्या मधल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर जुनी वस्ती आहे. समोरच्या टेकडीवर १२१९ साली बांधायला घेतलेला किल्ला आहे. तेथून खाली पाहिले की तिन्ही पाण्यांचे रंग वेगवेगळे दिसतात. इल्झ जंगलातून व दलदलीतून येते. कुजलेल्या पालापाचोळ्याचा अर्क उतरल्याने तिचे पाणी काळसर असते. इन आल्प्स पर्वताच्या बर्फातून निघते. बर्फाखाली खडक दळला जाऊन त्याचे पीठ पाण्यात मिसळते, म्हणून ती दुधाळ हिरवट दिसते. मौज अशी की वर्षाच्या सरासरीने इनचे पाणी डॅन्यूबपेक्षा जास्त भरते, पण संगमाच्या पुढे नाव डॅन्यूबचेच चालते!

या नद्यांनीच गावाला वैभव दिले. पूर्वी आल्प्सकडचे मीठ इनमधून नावांनी येथे येई. पुढे ते जनावरांच्या पाठीवर लादून बोहेमियात जाई आणि परतीच्या फेरीत धान्य येई. १६६२ साली मोठी आग लागून गाव जळाले. त्यानंतर नव्याने उभारलेल्या मोठ्या चर्चमध्ये सुमारे १८,००० नळ्यांचा ऑर्गन बसवलेला आहे. हे चर्च जुन्या वस्तीतल्या सर्वांत उंच जागी आहे. जाणत्यांनी देवाला जागा दिली ती पाण्यापासून दूर.

मी मात्र रेंगाळलो ते डॅन्यूबकाठच्या नगरभवनापाशी. त्याच्या मनोऱ्याच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या रेघा आहेत आणि प्रत्येक रेघेशी साल लिहिले आहे. सर्वांत वरची रेघ १५०१ सालची. तिच्या खालोखाल २०१३ सालची, तीही माणसाच्या डोक्याच्या बरीच वर. त्या वर्षी मे महिन्याच्या पावसाने जमीन आधीच तुडुंब भिजलेली होती. त्यावर पुन्हा जोराचा पाऊस झाला, डॅन्यूब आणि इन दोघी चढल्या, आणि ३ जूनला नदीच्या मोजपट्टीवर पाणी १२.८९ मीटरला टेकले. त्याआधीचा म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणीतला मोठा पूर १९५४ सालचा, १२.२० मीटरचा. पूर ओसरल्यावर विद्यापीठातील मुलामुलींनी घरोघर जाऊन गाळ उपसला.

त्या भिंतीसमोर उभा असताना मला आपल्याकडचा २०१९ सालचा ऑगस्ट आठवला. कृष्णा आणि पंचगंगेच्या काठी तेव्हा पुष्कळ कुटुंबे घर सोडायला तयार नव्हती. "२००५ ला पाणी उंबऱ्याला लागलं नव्हतं, आता काय लागतंय?" असे म्हणत. एका शेतकऱ्याने २००५ च्या पाण्याच्या हातभर वर फळ्या ठोकून त्यावर बियाण्याची पोती रचली होती. पाणी त्या फळ्यांच्याही वर गेले. पूर उतरल्यावर मी पंचनाम्याला गेलो, तेव्हा पोत्यांतल्या बियाण्याला मोड येऊन वास सुटला होता आणि तो गडी गप्प बसून होता. त्याने हिशेब केला होता, पण तो एकाच पुराचा.

माणसाची आठवण पन्नास-साठ वर्षांची असते. पासाऊच्या भिंतीची आठवण पाचशे वर्षांची आहे. रेघेने पूर थांबत नाही, २०१३ साली त्या गावाचेही नुकसान झालेच. पण पाणी कुठवर येऊ शकते याबद्दल तेथे वाद होत नाही.

परतल्यावर मी नदीकाठच्या एका गावी गेलो आणि २०१९ चे पाणी कुठवर आले होते ते विचारले. शाळेच्या भिंतीवरचा डाग केव्हाच चुन्याखाली गेला होता. चौघांनी चार ठिकाणी बोटे ठेवली, त्यांत दोन हातांचा फरक!

म्हणून बंधू-भगिनींनो, एवढे करा. गावातल्या जाणत्यांना एकत्र बसवा. प्रत्येक मोठ्या पुराचे पाणी कुठे होते ते ठरवा. मंदिराच्या किंवा चावडीच्या दगडी भिंतीवर छिन्नीने रेघ मारून साल कोरा. पुन्हा पूर आलाच, तर ओला डाग वाळण्याआधी नवी रेघ मारा. नवा गोठा, मोटारीचा स्टार्टर आणि बियाण्याची कोठी सर्वांत वरच्या रेघेच्याही वर ठेवा. पाणी वाढू लागले की जनावरांची दावी आधी सोडा. रंगाने लिहिलेले दोन पावसाळ्यांत धुऊन जाते, दगडातले नातवंडांपर्यंत टिकते.