विश्लेषण : जुने क्रीडा अंक रद्दीत का घालू नयेत?

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरचे गठ्ठे खाली येतात आणि किलोच्या भावाने रद्दीत जातात. त्यात ‘स्पोर्टस्टार’, ‘स्पोर्ट्सवीक’ किंवा ‘एकच षटकार’चे अंक असतील तर थोडे थांबा. टेनिस, क्रिकेट, हॉकीचे असे जुने अंक शोधणारे संग्राहक देशभर आहेत. पण प्रश्न केवळ पैशांचा नाही. खेळाच्या इतिहासातील अनेक नोंदी फक्त या कागदांवर उरल्या आहेत. बीडसारख्या जिल्ह्याच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे.

कोणते अंक शोधले जातात?

‘द हिंदू’ समूहाचे ‘स्पोर्ट अँड पास्टाइम’ १९४७ मध्ये सुरू झाले आणि १९६८ मध्ये बंद पडले. याच समूहाने १९७८ मध्ये ‘स्पोर्टस्टार’ आणले. त्याच्या मधल्या पानावरची रंगीत पोस्टर्स गावोगावच्या भिंतींवर लागली. मुंबईचे ‘स्पोर्ट्सवीक’, मन्सूर अली खान पतौडी यांनी संपादित केलेले कोलकात्याचे ‘स्पोर्ट्सवर्ल्ड’ आणि संदीप पाटील संपादक असलेले मराठी ‘एकच षटकार’ हीसुद्धा वाचकांची आवडती नियतकालिके होती. परदेशी अंकांत ग्लॅडिस हेल्डमन यांनी १९५३ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या ‘वर्ल्ड टेनिस’ला मान आहे.

टेनिसच्या अंकांचे वेगळेपण काय?

पुरुष टेनिसमध्ये संगणकीय क्रमवारी २३ ऑगस्ट १९७३ रोजी सुरू झाली. त्याआधी जगात पहिला कोण, दहावा कोण, हे प्रामुख्याने क्रीडा पत्रकार आणि जाणकार ठरवत. म्हणजे त्या काळातील वृत्तपत्रे आणि मासिके हीच क्रमवारीची मूळ कागदपत्रे.

रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ मध्ये विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचले. १९७४ मध्ये भारताने डेव्हिस चषकाची अंतिम फेरी गाठली. मात्र, वर्णद्वेषाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळण्यास नकार दिला. हा तपशील आज मोबाइलवर दोन ओळींत मिळतो. पण तेव्हा त्यावर काय मते मांडली गेली, वाचकांनी काय पत्रे लिहिली, हे कळते ते त्या वेळच्या अंकांतूनच.

किंमत कशावर ठरते?

केवळ जुना आहे म्हणून अंक मौल्यवान ठरत नाही. ज्या अंकाच्या प्रती मुबलक आहेत, त्याला फारसा भाव येत नाही. खालील गोष्टी पाहिल्या जातात :

• अंक पूर्ण आहे का? पोस्टर किंवा मधले पान काढले असेल तर किंमत उतरते.
• मुखपृष्ठ, तारीख आणि अंक क्रमांक शाबूत आहेत का?
• पहिला अंक, विशेषांक किंवा एखाद्या मोठ्या खेळाडूचा सुरुवातीचा उल्लेख आहे का?
• वर्षाचा संच सलग आहे का?

ऑनलाइन खरेदी करताना मुखपृष्ठाबरोबर आतल्या पानांचे आणि पिनांचेही फोटो मागवा. मुंबईत फ्लोरा फाउंटनचे पदपथ आणि हैदराबादेत अॅबिड्सचा रविवारचा बाजार ही जुन्या पुस्तकांसाठी ओळखीची ठिकाणे आहेत.

मराठवाड्याच्या हवेत अंक टिकतील कसे?

वृत्तपत्री कागदात लिग्निन हा लाकडाचा घटक उरतो. ऊन आणि हवा लागली की तो पिवळा पडतो, मग कागदाचा तुकडा पडू लागतो. पत्र्याखाली ठेवलेल्या पेटीत उन्हाळ्यात हे लवकर घडते. गुळगुळीत कागदाच्या अंकांना पाण्याचा धोका जास्त. भिजून वाळले की त्यांची पाने एकमेकांना चिकटतात.

त्यामुळे अंक घरातील थंड, कोरड्या खोलीत, भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर, आडवे रचून ठेवा. गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशनही करू नका. पावसाळ्यानंतर कसर आणि वाळवी तपासा.

फोटो काढून पीडीएफ केली तर चालेल का?

स्वतःच्या अभ्यासासाठी प्रत काढण्यास कायद्यात मुभा आहे. मात्र, भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्व हक्क राहतो. छायाचित्रालाही आता छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण असते. त्यामुळे अलीकडचा अख्खा अंक परवानगीशिवाय ग्रुपवर टाकणे अडचणीचे ठरू शकते. फाइलला अंकाचे नाव, तारीख आणि पान क्रमांक द्या. नाव नसलेले शेकडो फोटो कोणाच्याच कामाला येत नाहीत.

बीडचा यात काय संबंध?

आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य जिंकले. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरीही गाठली. त्याच वर्षी बीडच्या सचिन धसने १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा केल्या. पदकानंतरच्या बातम्या जगभर सापडतील. त्याआधीच्या शालेय आणि तालुका स्पर्धांची नोंद मात्र स्थानिक दैनिकांच्या आतल्या पानांवरच असते. जत्रेतील कुस्त्या, कबड्डी, खो-खोचे निकालही तिथेच.

१९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकांनी कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रत द्यायची असते. १९५६ मध्ये वृत्तपत्रेही त्यात आली. पण प्रत्येक छोट्या पत्राचा प्रत्येक अंक तिथे असेलच, असे धरून चालता येत नाही. ई-पेपरची जुनी पानेही कायम खुली राहतील याची हमी नाही.

म्हणूनच गावच्या वाचनालयाने जुनी नियतकालिके विकायला काढली, तर आधी एकदा चाळून पाहा. शाळेच्या वार्षिक अंकांनाही हेच लागू. आज जपलेले तालुका स्पर्धेचे कात्रण उद्या एखाद्या खेळाडूच्या प्रवासाची पहिली नोंद ठरू शकते.