नात्यातून होणारा उपचार

गुडघा दुखू लागला की चार ओळखीच्यांना विचारून डॉक्टर ठरवला जातो. मनाच्या बाबतीत विचारणेच अवघड होते. कारण ज्यांना विचारायचे, तेच बहुधा त्या दुःखाच्या कथेत कोठेतरी असतात. वाटणीवरून अबोला धरलेले भाऊ, पंचवीस वर्षे घर सांभाळूनही स्वतःचे मत कधी न मांडलेली सून, मुलगा फोन उचलत नाही म्हणून खचलेले वडील. यांच्या दुःखाचे मूळ दोन माणसांच्या मधल्या जागेत असते. अशा दुःखाकडे विशेष लक्ष देणारी मानसोपचाराची एक पद्धत गेल्या चार-पाच दशकांत विकसित झाली आहे. तिला रिलेशनल थेरपी म्हणतात. मराठीत संबंधकेंद्री मानसोपचार म्हणता येईल.

नावावरून हे पतिपत्नींचे समुपदेशन असावे असे वाटते, पण तसे नाही. पुष्कळदा एकच व्यक्ती उपचारकाकडे जाते. ज्या नात्याचा उपचारात उपयोग होतो, ते नाते त्या दोघांचेच, म्हणजे उपचार घेणाऱ्याचे आणि उपचारकाचे असते.

ही कल्पना सहजासहजी रुजली नाही. उपचारकाने आरशासारखे राहावे, स्वतःचे काहीही दिसू देऊ नये, असा सल्ला सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१२ मध्ये दिला होता. त्यांचेच सहकारी, बुडापेस्टचे सांडोर फेरेन्झी यांना हा अलिप्तपणा पुढे खटकू लागला. अमेरिकेत हॅरी स्टॅक सलिव्हन यांनी माणसाचे मन माणसांच्या संबंधांतच घडते असे आग्रहाने मांडले. हे विखुरलेले धागे जे ग्रीनबर्ग आणि स्टीफन मिचेल यांनी १९८३ मधील ग्रंथात एकत्र आणले. दुसरीकडे बोस्टनच्या मनोविकारतज्ज्ञ जीन बेकर मिलर स्त्रियांच्या अनुभवातून त्याच दिशेने निघाल्या होत्या. त्यांचे गाजलेले पुस्तक १९७६ चे. १९८१ मध्ये वेलस्ली महाविद्यालयातील स्टोन सेंटरच्या त्या पहिल्या संचालक झाल्या. त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या विचारातील एक निरीक्षण आपल्या घराघरांना लागू पडावे असे आहे. नाते टिकावे म्हणून माणूस आपले खरे म्हणणे त्या नात्याबाहेर ठेवतो. मग नाते टिकते, पण त्यात तो स्वतः उरत नाही.

एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७० च्या दशकातील प्रयोगही येथे उपयोगी आहे. तान्ह्या बाळाशी हसतखेळत असलेल्या आईला काही क्षण चेहरा निर्विकार ठेवायला सांगितले गेले. बाळ हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते. प्रतिसाद येत नाही तेव्हा कासावीस होऊन तोंड फिरवते. आई पुन्हा बोलू लागली की हळूहळू सावरते. ट्रॉनिक यांच्या पुढील अभ्यासातून असेही दिसले की चांगल्या मायलेकरांचे सूरसुद्धा सदासर्वकाळ जुळलेले नसतात. सूर चुकतो आणि पुन्हा जुळवला जातो. या पुन्हा जुळवण्यातून बाळाचा विश्वास पक्का होतो.

प्रत्यक्ष उपचारात हे कसे घडते? एकत्र कुटुंबाची पेढी सांभाळणाऱ्या, कोणालाही कधी नकार न दिलेल्या एका चाळिशीतल्या गृहस्थांची कल्पना करावी. झोप येत नाही म्हणून ते उपचारकाकडे जाऊ लागतात. दर वेळी वेळेआधी पोहोचतात, निघताना आभार मानतात. उपचारक दोनदा ठरलेली वेळ बदलतात; गृहस्थ दोन्ही वेळा “चालेल” म्हणतात. पुढच्या भेटीला मात्र ते येत नाहीत. नंतर आल्यावर दुकानातील गर्दीचे कारण सांगतात. एखादा उपचारक तेथेच विषय सोडून देईल. संबंधकेंद्री उपचारक म्हणतील, “मी दोनदा वेळ बदलली. तुमची गैरसोय झाली असणार. रागही आला असेल.” गृहस्थ आधी नाकारतात, हसतात, विषय बदलतात. बऱ्याच वेळाने सांगतात, की होय, वाईट वाटले. पण बोललो तर आपण नकोसे होऊ, अशी भीती वाटली. मोठ्या भावासमोर त्यांना हेच वाटत आले आहे. फरक एवढाच, की या खोलीत समोरचा माणूस चिडत नाही, आपली चूक मान्य करतो, आणि नाते मोडत नाही. भावाविषयी तासन्‌तास बोलून जे हाती लागले नसते, ते या पाच मिनिटांच्या अवघड संभाषणात अनुभवाला येते. अर्थात एका प्रसंगाने काम होत नाही. असे प्रसंग अनेकदा यावे लागतात, आणि त्यासाठी काही महिने, क्वचित वर्षही द्यावे लागते.

म्हणूनच उपचारक निवडताना पदवीइतकेच हेही पाहावे, की या व्यक्तीला “तुमचे बोलणे मला लागले” असे सांगता येईल का. पदवी पाहू नये असा याचा अर्थ मुळीच नाही. समुपदेशक ही पाटी आपल्याकडे अल्प मुदतीचा अभ्यासक्रम केलेलेही लावतात. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर असून औषधे देऊ शकतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला? कर्ज देताना बँक कागद पाहते, मग मन सोपवताना का पाहू नयेत? पहिल्याच भेटीत शिक्षण कोठे झाले, अवघड प्रकरणात ज्येष्ठांचे मार्गदर्शन घेता का, आपल्या दोघांत गैरसमज झाला तर काय करता, हे सरळ विचारावे. शेवटच्या प्रश्नाने जो दुखावतो, तो या कामासाठी नव्हे. तीन-चार भेटींनंतरही मोकळे वाटत नसेल तर तेही उपचारकालाच सांगून पाहावे. त्यावर येणारे उत्तर निर्णय घेण्यास पुरेसे असते.

समाजातील, घरोबा असलेला उपचारक सोयीचा वाटतो, परंतु तो मोह टाळावा. ज्याची लग्नकार्यात गाठ पडणार, त्याच्यापुढे सासूविषयी किंवा भागीदाराविषयी कोण बोलणार? मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, तरी मनाला तो पटावा लागतो. घरच्यांनीही “आज काय बोलणे झाले?” असे विचारू नये. शुल्क आरंभीच ठरवून घ्यावे. स्वतःच्या अडचणी सांगत बसणारा, खात्रीशीर गुण येईल असे वचन देणारा किंवा व्यवहारात भागीदारी सुचवणारा उपचारक तत्काळ सोडावा.

घरात मारहाण होत असेल, अन्नपाणी सुटले असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर सावकाश चालणाऱ्या या उपचाराची वाट न पाहता प्रथम सुरक्षितता आणि मनोविकारतज्ज्ञ गाठावा. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालते. तेथे मराठीतही बोलता येते.