दोनशे रुपयांत ख्रिसमस

सुरुवातीलाच एक डिस्क्लेमर. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. शाळेत मराठी आठवड्यातून मोजून चार तास, तेसुद्धा शेवटचे, जेव्हा अर्धा वर्ग झोपलेला असायचा. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर सांभाळून घ्या. मराठी विभागाच्या एडिटरनी "तू लिहीच, शुद्धलेखन मी बघतो" असं म्हटलंय, म्हणजे आता जबाबदारी त्यांची!

दुसरी गोष्ट, हे मॅगझिन तुमच्या हातात येईल तेव्हा उन्हाळा लागलेला असेल आणि मी ख्रिसमसबद्दल काय बोलतेय असं वाटेल. पण सबमिशनसारखंच हेही आहे. आदल्या रात्री आठवून उपयोग नाही. कापून ठेवा, डिसेंबरात कामाला येईल.

तर मंडळी, कॉन्व्हेंटमुळे ख्रिसमस माझ्या अंगात भिनलेला. घरी गणपती, शाळेत गव्हाणी. दर वर्षी सिस्टर आमच्याकडून गवत, माती आणि थर्माकोलचा गोठा करून घ्यायच्या आणि मी पाच वर्षं सलग मेंढी झाले होते. (एकदाही देवदूत केलं नाही, ते दुःख अजून आहे.) त्यामुळे फर्स्ट इयरला हॉस्टेलमध्ये 'सिक्रेट सांता' सुरू झालं तेव्हा सगळ्यात जास्त नाचणारी मीच. चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याला भेट द्यायची. ऐपत नसताना रूममेटकडून उसने घेऊन मी अडीचशे रुपयांचा मग आणला. पुढच्या मे महिन्यात रूम्स रिकाम्या होत होत्या तेव्हा तो मग जिन्याखाली कचऱ्याच्या खोक्यात दिसला. स्टिकरसकट. वापरलासुद्धा नव्हता. उसने पैसे मात्र मी फेब्रुवारीपर्यंत फेडत होते.

या वर्षी परिस्थिती अजून टाइट. जुलैमध्ये बाबांची नोकरी गेली. हे मी कॉलेजात कुणालाच सांगितलं नव्हतं, आज पहिल्यांदा लिहितेय. बाबा फोनवर दर वेळी विचारतात, "पैसे आहेत ना गं?" आणि मी दर वेळी "भरपूर आहेत" म्हणते. डिसेंबरच्या मध्यावर मी हिशोब केला. मेसचं बिल, ओरलची प्रिंटआउट्स आणि घरी जायचं एसटीचं तिकीट बाजूला काढल्यावर माझ्या हातात उरले दोनशे रुपये. आणि भेटी द्यायच्या चार.

पहिली, रूममेटला. ती वसईची. आपण 'ख्रिसमस' म्हणतो, ती 'नाताळ' म्हणते. (हा शब्द पोर्तुगीज 'नाताल'वरून आला, हे तिनेच मला सांगितलं.) या वर्षी २६ तारखेला आमची ओरल लागली, म्हणजे जन्मात पहिल्यांदा ती नाताळला घरी नसणार होती. टाइमटेबल लागलं त्या रात्री ती काही बोलली नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून झोपली. दुसरी, चिठ्ठीत आलेल्या वर्गातल्या मुलाला, ज्याच्याकडे सगळंच आहे. तिसरी, मेसमध्ये, जिथे मावशी रोज मला एक पोळी जास्त वाढतात. आणि चौथी, गेटवरच्या वॉचमन काकांना, ज्यांनी आम्हाला किती वेळा उशिरा आत घेतलंय ते इथे लिहीत नाही!

आता एकेक करून सांगते.

१. तारा

कागदी ताऱ्याचा इतिहास आपल्या ब्रँचचा आहे म्हटलं तरी चालेल. १८३०च्या दशकात जर्मनीतल्या नीस्की गावी मोरावियन ख्रिश्चनांच्या बोर्डिंग शाळेत मुलांना भूमिती शिकवताना असा तारा करून घेतला जायचा. म्हणजे आपलं इंजिनीअरिंग ग्राफिक्सच की! १७ चौकोनी आणि ८ त्रिकोणी पिरॅमिड, एकूण २५ टोकं. तो करायला माझ्याकडे वेळ नव्हता, म्हणून पाच टोकांचा सोपा प्रकार केला.

साहित्य: फर्स्ट इयरची जुनी ड्रॉइंग शीट. हाफ इम्पीरियलवर १२ सेंमी त्रिज्येची दोन वर्तुळं आरामात बसतात. प्रत्येक वर्तुळावर ७२ अंशांवर पाच बिंदू घ्या आणि एक सोडून एक जोडा. तारा तयार. आतले पाच कोपरे केंद्रापासून साधारण ४.६ सेंमीवर येतात (बाहेरच्या त्रिज्येला ०.३८२ने गुणा). आता डिव्हायडरच्या टोकाने केंद्रापासून प्रत्येक टोकापर्यंत आणि प्रत्येक आतल्या कोपऱ्यापर्यंत हलकी रेघ ओढा. लांब घड्या बाहेर उचला, आखूड घड्या आत दाबा. सपाट कागद एकदम फुगून उभा राहतो! घड्या घालायच्या आधी प्रत्येक भागात छोटी खिडकी कापून आतून पतंगी कागद चिकटवा. एका ताऱ्याला कापतानाच कडेने एक सेंमीची पट्टी जास्त ठेवा, म्हणजे दोन अर्धे एकमेकांना चिकटवता येतात. शेवटची एक कडा उघडी ठेवा, सेल बदलायला.

आत दिवा. मेणबत्ती चुकूनही नको, कागद आहे तो. मी तीन पिवळे एलईडी आणि दोन पेन्सिल सेल घेतले. दोन सेल सिरीजमध्ये म्हणजे ३ व्होल्ट. पिवळा एलईडी साधारण २.१ व्होल्ट घेतो. उरले ०.९ व्होल्ट. १० मिलिअँपिअर करंट हवा तर ०.९ भागिले ०.०१, म्हणजे ९० ओहम. दुकानात १०० ओहमचा रेझिस्टर मिळतो, तो लावला की ९ मिलिअँपिअर जातात. झकास.

इथे एक चूक सगळे करतात. तीन एलईडी पॅरलल जोडून तिघांना मिळून एकच रेझिस्टर लावतात. पण कुठलेही दोन एलईडी अगदी सारखे नसतात. ज्याचं व्होल्टेज किंचित कमी, तो जास्त करंट ओढतो आणि बाकीचे मिणमिणतात. म्हणून प्रत्येकाला आपापला रेझिस्टर. पांढरा एलईडी हवा असेल तर त्याला साधारण ३ व्होल्ट लागतात, तेव्हा तीन सेल आणि १५० ओहम घ्या. आणि मी केलं तसं "बघू तरी काय होतं" म्हणून मल्टिमीटरची ९ व्होल्टची बॅटरी थेट लावू नका. टक् करून गेला. दोन रुपये पाण्यात.

२. वही

ज्याच्याकडे सगळं आहे त्याला काय द्यायचं? मी वही शिवली. जर्नलचे उरलेले एका बाजूला कोरे आणि काही पूर्ण कोरे कागद प्रत्येकाच्या कपाटात पडलेले असतात. पूर्ण कोरे आठ कागद घ्या, एकत्र मधोमध दुमडा, की ३२ पानांची वही. कव्हरला जुन्या कॅलेंडरचं जाड पान, चित्र बाहेर.

घडीवर सुईने तीन भोकं पाडा, एक मध्ये, दोन कडेला. दोरा गोधडीचा घ्या आणि मेणबत्तीवरून दोनदा ओढून घ्या, म्हणजे गुंतत नाही आणि गाठ सुटत नाही. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, शेपूट आत सोडा. बाहेरून वरच्या भोकातून आत या. आतल्या आत मधलं भोक ओलांडून खालच्यातून बाहेर जा. मग मधल्या भोकातून परत आत. आता आतल्या लांब टाक्याच्या एका बाजूला एक टोक आणि दुसऱ्या बाजूला दुसरं ठेवून गाठ मारा. झालं! दहा मिनिटांचं काम आहे.

वहीच्या शेवटच्या पानावर मी तीन कूपनं लिहिली: 'एम-थ्रीचा एक टॉपिक, परीक्षेआधी केव्हाही, समजेपर्यंत शिकवण्यात येईल.' त्याचा एम-थ्री राहिलाय हे सगळ्या वर्गाला माहीत आहे.

३. कुलकुल

गोव्यात आणि मुंबई-वसईकडे नाताळात घरोघरी करतात आणि शेजाऱ्यांना ताट पाठवतात, आपल्या दिवाळीच्या फराळासारखंच. कोकणीत याला 'किडयो' पण म्हणतात, आकार बघितला की कळतं का ते. मुळात शंकरपाळ्याचा चुलतभाऊ.

अर्धा किलो मैदा, दोन मोठे चमचे रवा, दीडशे ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ. दोन चमचे कडकडीत तुपाचं मोहन घालून पीठ हाताने चोळा. (तूप पिठाच्या कणांना गुंडाळतं, त्यामुळे चिवट ग्लुटेनच्या लांब साखळ्या होत नाहीत आणि कुलकुल खुसखुशीत होतात. मोहनामागचं सायन्स हेच.) मग नारळाच्या घट्ट दुधात लागेल तसं घट्ट मळा, अर्धा तास झाका. बोराएवढी गोळी घ्या, तेल लावलेल्या काट्याच्या चमच्याच्या पाठीवर दाबून पसरा आणि कडेने गुंडाळत आणा. छान रेघांचा शंख होतो. काटा नसला तर नवा कोरा कंगवा. नवा, प्लीज! मध्यम आचेवर तळा. आच मोठी केली तर साखरेमुळे बाहेरून लाल आणि आत कच्चे. पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करा, नाहीतर वाफेने मऊ पडतात.

हॉस्टेलच्या रूममध्ये शेगडी चालत नाही, म्हणून मावशींना विचारलं. मावशी म्हणाल्या, "तुला नुसतं वळता येईल का गं पोरी?" आणि स्वतःच बसल्या. पहिली वीस त्यांनी करून दाखवली, माझी अर्धी गोगलगाईसारखी झाली. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुलकुल केले आणि पंधरा मिनिटांत माझ्यापेक्षा चांगले. म्हणजे मावशींची भेट मावशींनीच केली. चालायचंच.

४. दुरुस्ती

वॉचमन काकांची टॉर्च महिनाभर बंद होती, काका मोबाईलच्या उजेडात राउंड मारायचे. उघडून बघितली तर जुना सेल आत गळून स्प्रिंगवर पांढरी पूड जमलेली. ही पूड हाताला लागू देऊ नका, फडकं वापरा. पॉलिश पेपरने स्प्रिंग आणि स्विचची पट्टी चकचकीत घासली, स्प्रिंग थोडी ओढली आणि टॉर्च लागली. पाच रुपयांचा पॉलिश पेपर. आपण चार वर्षं इंजिनीअरिंग शिकतो आणि नातेवाईकांचा मिक्सरसुद्धा उघडत नाही. दुरुस्ती करून देणं ही पण भेट आहे, हे मला या वर्षी कळलं.

आता हिशोब. पतंगी कागद १०, चार एलईडी ८ (एक शहीद), रेझिस्टर ३, सेल २४. दोरा १०. पॉलिश पेपर ५. मैदा २५, साखर १०, नारळ ४०, तेल ४०. रवा आणि तूप मावशींकडून. ब्राउन पेपर १०. एकूण १८५ रुपये. शिल्लक १५!

२४च्या रात्री रूममेट लायब्ररीतून आली तेव्हा मी लाइट घालवून तारा खिडकीत लावून ठेवला होता. ती दारातच थांबली. मग जवळ जाऊन बघायला लागली आणि एकदम हसत सुटली. शीट तिचीच होती, माझ्या लक्षातच नव्हतं. पेन्सिलची बाजू आत, त्यामुळे दिवा लागल्यावर एका टोकावर सरांचा लाल 'रिपीट' शेरा उजळला होता, तोही आरशातल्यासारखा उलटा. हसता हसता ती रडायला लागली. मग तिने घरी व्हिडिओ कॉल लावून आईला तारा दाखवला. तिची आई म्हणाली, "आपला या वर्षी माळ्यावरून काढलाच नाही बघ, तू नाहीस म्हणून." पाच मिनिटांनी पलीकडून स्टूल सरकवल्याचा आवाज आला. काढला त्यांनी.

त्या रात्री कुलकुल खाताना मी तिला बाबांचं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत आहे. तू ऑगस्टपासून कँटीनला येत नाहीस." एवढंच. आणि मग आम्ही ओरलचा अभ्यास केला. म्हणजे तीन प्रश्न केले.

सकाळी बाबांना फोन केला. या वेळी "पैसे आहेत ना?"ला खरं उत्तर दिलं: "पंधरा रुपये आहेत बाबा, पण चालतंय." बाबा जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तो रेझिस्टर कितीचा लावलास म्हणालीस?" घरच्या आकाशकंदिलात पुढच्या दिवाळीला तसंच करायचं ठरलंय.

वहीवाल्याने दोन कूपनं वापरली. तिसरं त्याने जपून ठेवलंय म्हणे. त्याचा एम-थ्री सुटला तर ते श्रेय माझं, नाही सुटला तर पुढच्या नाताळला नवी वही शिवीन. आणि तुम्ही काही बनवलंत तर मला जरूर सांगा, फक्त मग देऊ नका. चूकभूल द्यावी घ्यावी!