हत्यारांची जागा

मागचं चाक पंक्चर झालं, की हात ठरलेल्या क्रमाने वस्तू मागायला लागतात. आधी हातमोजे, कारण सायलेन्सर आणि ब्रेकची डिस्क दोन्ही तापलेली असतात. मग एक्सलच्या नटाचा मोठा पाना. एक्सल ओढला, चेन स्प्रॉकेटवरून उतरवली, चाक खाली घेतलं, की व्हॉल्व्हमधली पिन काढायची छोटी चावी लागते. मग व्हॉल्व्हच्या बुडाचा नट सोडवायला पाना, मग टायर रिममधून उचकटायच्या पट्ट्या. ट्यूब बाहेर आली, की टायरच्या आतून फडकं फिरवून खिळा किंवा बाभळीचा काटा शोधायचा. त्यानंतर जादा ट्यूब, आणि तीही नसेल तर पॉलिश पेपर, सोल्यूशन, पॅच. टायर बसला की पंप, आणि सगळ्यात शेवटी हवा मोजायचं मीटर. ताम्हिणी घाटातला पाऊस असो की सोलापूर रस्त्यावरची मे महिन्यातली दुपार, हा क्रम बदलत नाही.

मोटरसायकलवर हत्यारं कशी न्यायची, याचं उत्तर मला या क्रमात सापडतं. दुकानात गेलं की मात्र विचार पिशवीपासून सुरू होतो: किती लिटरची, पाणी आत जातं का, कप्पे किती. माझ्या मते पिशवी सगळ्यात शेवटी निवडावी. आधी काम, मग त्या कामाची हत्यारं, मग ती हाताला लागण्याचा क्रम, मग गाडीवरची जागा. एवढं ठरलं, की पिशवीचा आकार वेगळा शोधावा लागत नाही.

माझ्याकडे ४११ सीसीची रॉयल एनफिल्ड हिमालयन आहे. पुढचं चाक २१ इंची, मागचं १७ इंची, दोन्ही स्पोकची आणि ट्यूबवाली. एवढ्यावरच अर्धी यादी ठरते. अलॉय चाकाचा ट्यूबलेस टायर पंक्चर झाला तर चाक काढावंच लागत नाही. खिळा उपसायचा, टोच्याने भोक साफ करायचं, सोल्यूशन लावलेली रबरी वात आत दाबायची आणि हवा भरायची. पंप सोडला तर ते सगळं सामान एका छोट्या पाकिटात मावतं. ट्यूबवाल्या चाकाला मोठा पाना, पट्ट्या आणि जादा ट्यूब यांतून सुटका नाही. म्हणून दुसऱ्याची यादी जशीच्या तशी उतरवून घेण्यात अर्थ नसतो. ती त्याच्या गाडीची यादी असते.

आपल्या गाडीची यादी करायची खात्रीची रीत एकच. सुट्टीच्या सकाळी गाडी मेन स्टँडवर लावायची, सोबत न्यायची ठरवलेली हत्यारं जुन्या चादरीवर मांडायची आणि फक्त तेवढ्यांत चार कामं पूर्ण करायची: मागचं चाक काढून बसवणं, चेनचा ताण जमवणं, प्लग काढून लावणं आणि बॅटरीच्या टर्मिनलपर्यंत पोहोचणं. घरातल्या मोठ्या पेटीला हात लावायचा नाही. ज्याच्यावाचून काम अडलं ते हत्यार यादीत येतं. ज्याला चारही कामांत हात लागला नाही ते घरी राहतं.

या सकाळी गाडी बरंच काही सांगते. सीट काढायला चावी पुरते, पण साइड कव्हरला एलन की लागते, हे तेव्हा कळतं. गॅरेजमध्ये हवेच्या गनने आवळलेला एक्सलचा नट आखूड पान्याला दाद देत नाही, हेही तेव्हाच कळतं. तो नट घरी सोडवून, टॉर्क पान्याने कंपनीने सांगितलेल्या मापापर्यंत आवळून ठेवला, की रस्त्यावर तो आपल्या पान्याने सुटतो. पट्ट्यांचंही तसंच. रिमच्या मधोमध खोलगट घळ असते. पट्टी जिथे लावली त्याच्या समोरच्या बाजूचा टायर गुडघ्याने त्या घळीत दाबून धरला, की अलीकडची कड सैल पडते आणि आखूड पट्टीही सहज वळते. रीत हातात बसली, की लांब, जड पट्ट्या न्याव्या लागत नाहीत. एका टोकाला पट्टी आणि दुसऱ्या टोकाला एक्सलच्या नटाची रिंग, असं दुहेरी हत्यारही मिळतं. आपल्या नटाचं माप मोजूनच ते घ्यावं.

मापं समजून घेतली तर पान्यांची गर्दी कमी होते. ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचं डोकं साधारणपणे १० चं असतं, ८ मिलिमीटरच्या बोल्टचं १२ किंवा १३ चं. स्पार्क प्लगचा आटा १० मिलिमीटरचा असेल तर १६ चा प्लग पाना लागतो, १२ चा असेल तर १८ चा. या चार-पाच मापांवर गाडीतले बहुतेक नट-बोल्ट उलगडतात. शक्य तिथे एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला उघडं तोंड असलेला पाना घ्यावा. रिंग नटाला सगळ्या बाजूंनी धरते. उघडं तोंड दोनच बाजू पकडतं, आणि जाम झालेल्या नटाचे कोपरे तिथेच गोल होतात. हत्यार मात्र चांगलं हवं. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर, पुण्यात बोहरी आळीत सुटे पाने मिळतात. नाशिकच्या सातपूर भागात कारखाना असलेल्या टपारियाचे पाने गावोगावच्या हार्डवेअरच्या दुकानांत असतात. चाळीस गोट्यांचा चकचकीत संच घेतला तर त्यातल्या कितीतरी गोट्या आपल्या गाडीला कधीच लागत नाहीत, आणि तरी त्यांचं वजन दर वळणावर सोबत असतं.

हत्यारं निवडली की ती प्रकारानुसार लावावीशी वाटतात: पाने एकीकडे, पक्कड-पेचकस दुसरीकडे. गॅरेजच्या भिंतीवर ते ठीक. रस्त्याच्या कडेला ती कामानुसार लावलेली बरी. मी तीन भाग करतो. पहिला चाकाचा: मोठा पाना, पट्ट्या, व्हॉल्व्हची चावी, ट्यूब, पॅच, पंप. दुसरा नट-बोल्टचा: लहान पाने, एलन की, प्लग पाना, पक्कड, पेचकस. तिसरा वायरींचा: फ्यूज, इन्सुलेशन टेप, केबल टाय, वायरचा तुकडा, आणि दोन वायरी जोडलेला १२ व्होल्टचा दिवा. हा दिवा करंट कुठवर येतो ते दाखवतो. पंक्चर झालं तर वायरींचा भाग उघडायचाच नाही. फ्यूज उडाला तर पट्ट्या बाहेर काढायच्या नाहीत. चाकाच्या भागात पुठ्ठ्याचा एक जाड तुकडाही असतो. डिस्क बाहेर आल्यावर तो ब्रेकच्या पॅडमध्ये सरकवायचा, म्हणजे चुकून ब्रेक दाबला गेला तरी पॅड मिटत नाहीत.

जादा क्लच केबल पिशवीत नसतेच. जुने बुलेटवाले ती चालू केबलच्या कडेने ओवून, केबल टायने बांधून, दोन्ही टोकं टेपने बंद करून ठेवतात. केबल तुटली की टोकं बदलायची आणि निघायचं. सुट्या भागाची सगळ्यात चांगली जागा तो जिथे लागणार तिथेच असू शकते, हे मी त्यांच्याकडूनच घेतलं.

नट-बोल्टच्या भागासाठी मी कापडी गुंडाळी वापरतो. जाड कॅनव्हास, आडव्या रांगेत शिवलेले खिसे, वरून दुमडणारी झडप आणि बांधायला दोन पट्टे. ती तयार मिळते, पण सीट कव्हर शिवणाऱ्याकडे आपली हत्यारं नेऊन मापाने शिवून घेतलेली अधिक चांगली. त्याच्याकडे जाड कापड ओढणारं मशीन आणि नायलॉनचा दोरा असतो. गुंडाळीचा मोठा गुण म्हणजे ती उलगडली की जमिनीवर स्वच्छ बैठक तयार होते. काढलेले नट-बोल्ट झडपेच्या घडीत राहतात, मातीत घरंगळत नाहीत. काम संपल्यावर रिकामा खिसा लगेच दिसतो. सुट्या पिशवीत १२ चा पाना राहिला की नाही, हे पुढच्या मुक्कामी कळतं. गुंडाळीत ते जागेवरच कळतं.

आता गाडीवरची जागा. हत्यारं आणि ट्यूब मिळून चार-पाच किलोंचं लोखंड आणि रबर होतं, आणि त्याची जागा गाडीच्या वागण्यात उमटते. मागच्या एक्सलच्या मागे आणि उंचावर, म्हणजे डिकीत, ते ठेवलं तर पुढचं चाक हलकं पडतं आणि खराब रस्त्यावर हँडल भुलतं. वजन जितकं खाली आणि इंजिनच्या जवळ, तितकं बरं. हिमालयनला टाकीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी रॅक असतात. चाकाचा भाग मी तिथल्या लहान पिशव्यांत विभागतो. वजन पुढे येतं आणि मागच्या सामानाचा तोल राखतं. उंच माणसाच्या गुडघ्याला उभं राहून चालवताना त्या पिशव्या लागू शकतात, तेव्हा बांधण्याआधी फूटपेगवर उभं राहून पाहावं. गुंडाळी मागच्या डाव्या बाजूला, खालच्या अंगाला. सायलेन्सर उजवीकडे असल्याने ती बाजू उष्णतेसाठी सोडलेली.

११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपला झाकणं लावून घरच्या घरी नळकांडं करणारे बरेच आहेत. ते स्वस्त आहे, पाणी आत येत नाही आणि नंबर प्लेटमागच्या रिकाम्या जागेत बसतं. दोन काळज्या घ्यायच्या. पीव्हीसी साधारण ८० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतो, त्यामुळे सायलेन्सरपासून ते लांब हवं. आणि आट्याच्या झाकणात चिखल गेला की ते हाताने फिरत नाही, म्हणून झाकण खालच्या अंगाला नसावं. कुलपाची पेटी गावात मुक्काम करणाऱ्याला सोयीची, पण तिच्यात हत्यारं गुंडाळूनच ठेवावीत.

पाठीवरच्या सॅकमध्ये मात्र हत्यारं कधीही नेऊ नयेत. पडताना पाठ आणि रस्ता यांच्यामध्ये पाना असणं मणक्यासाठी भयंकर आहे. कमरेच्या पाउचमध्ये पक्कड खोचण्यालाही हेच लागू.

जागा ठरली तरी दोन गोष्टी सामान खात राहतात: थरथर आणि दमट हवा. एक सिलिंडरच्या इंजिनाची थरथर सुट्या लोखंडाला एकमेकांवर घासत राहते. सोल्यूशनची नळी पान्याशेजारी असेल तर फुटते, आणि उघडी ट्यूब पट्टीला घासून वापराआधीच झिजते. म्हणून ट्यूबला पावडर लावून, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वेगळं ठेवावं. सोल्यूशन एकदा उघडलं की नळीत सुकतं, त्यामुळे प्रवासाला न उघडलेली नळी न्यावी. पावसाळ्यात कॅनव्हास ओल धरून ठेवतो आणि पान्यांना गंज चढतो. गुंडाळी पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवायची, घरी आल्यावर उलगडून वाळवायची आणि प्रत्येक हत्यारावर मशीन ऑइलचं फडकं फिरवायचं.

ही सगळी शिस्त ज्यांच्या पोटाशी जोडलेली आहे, त्यांच्या गाड्या पाहाव्यात. आमच्या भागातले एक वायरमन स्प्लेंडरवर फिरतात. टेस्टर शर्टाच्या खिशात, पक्कड आणि टेप हँडलजवळच्या पिशवीत, ड्रिल मशीन सीटमागच्या पेटीत, वायरीची भेंडोळी आडव्या दांड्याला. मी विचारलं, तर म्हणाले, "साहेब, दिवसात शंभरदा लागतं ते खिशात, दहादा लागतं ते समोर, एकदा लागतं ते मागं." कुठल्याही पिशवीच्या माहितीपत्रकात इतकं नेमकं मार्गदर्शन मला मिळालं नाही. टायरमधली हवा मोजायचं मीटर तेव्हापासून मी टाकीवरच्या बॅगेत ठेवतो, कारण ते रोज सकाळी लागतं.

मांडणीची शेवटची कसोटी मी दुसऱ्याच्या हातून घेतो. घाटात गाडी थांबली की कोणीतरी थांबतंच: एखादा टेम्पोवाला, शेतावरून परतणारा मुलगा, दुसरा मोटरसायकलवाला. आपण चाक धरून बसलेले असतो आणि मदतीला आलेल्या माणसाला सांगतो, "डावीकडची पिशवी, मोठा पाना." त्याने विचारल्याशिवाय तो काढून हातात दिला, तर मांडणी जमली. म्हणून माझ्या प्रत्येक पिशवीवर पक्क्या शाईने एकच शब्द लिहिलेला आहे: चाक, नट, वायर. रस्त्यावरची दुरुस्ती क्वचितच एकट्याने होते, आणि मदतीला येणाऱ्या माणसाचा वेळ शोधाशोधीत जाऊ नये, एवढी तयारी गाडीवाल्याने घरून करूनच निघावं.