दिवा स्वस्त कसा झाला?

एलईडी दिवा वीज वाचवतो खरा. पण २०१४ साली एका दिव्याला दुकानात तीनशेच्या वर रुपये मोजायला कोणती गृहिणी तयार होणार? जानेवारी २०१५ मध्ये केंद्राची ‘उजाला’ योजना आली. तिच्यात अनुदान नव्हते. देशभरची मागणी एकत्र करून निविदा काढल्या, विजेच्या बिलातून हप्त्याने पैसे फेडायची सोयही ठेवली. चार घरांनी मिळून वर्षाचे धान्य घाऊक घ्यावे, तसाच हा व्यवहार! खरेदीचा भाव ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांवर उतरला. ६० वॅटच्या बल्बऐवजी ९ वॅटचा एलईडी रोज पाच तास लावला, तर महिन्याला साडेसात युनिट वाचतात. तेवढा कोळसाही जळायचा राहतो.