डिलिव्हरी बॉयचा मालक कोण? बाबा आढाव, अण्णासाहेब पाटील आणि ५० वर्षांहून जुन्या माथाडी कायद्याची गोष्ट

तुम्ही ॲपवरून जेवण मागवता. ते घेऊन येणाऱ्या मुलाचा रस्त्यात अपघात झाला, तर त्याच्या उपचारांची जबाबदारी कुणाची? हॉटेल म्हणतं, तो आमचा नोकर नाही. ॲप म्हणतं, तो आमचा ‘पार्टनर’ आहे. ग्राहकाचा तर प्रश्नच येत नाही.

हा प्रश्न स्मार्टफोनसोबत आला, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात मुंबईच्या दाणाबंदरात आणि पुण्याच्या भुसार बाजारात तो साठ-सत्तर वर्षांपूर्वीच उभा होता. फक्त तेव्हा पाठीवर डिलिव्हरीची बॅग नव्हती, धान्याचं पोतं होतं.

माथाडी म्हणजे नेमकं कोण?

माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी. ट्रकमधून पोती उतरवणं, गोदामात थप्पी लावणं, पुन्हा गाडीत भरणं, हे त्याचं काम. सकाळी एका व्यापाऱ्याचा माल, दुपारी दुसऱ्याचा. मजुरी पोत्यामागे मिळणार. काम नसेल त्या दिवशी काहीच नाही.

दिवसभरात दहा जणांचं काम केलं की कायद्याच्या भाषेत मालक एकही उरत नाही. मालक नाही म्हणजे प्रॉव्हिडंट फंड नाही, रजा नाही, बोनस नाही. पोत्याचं वजनही बऱ्याचदा १०० किलो. कंबर गेली की माणूस थेट गावी.

डॉक्टर हमालांकडे कसा वळला?

डॉ. बाबा आढाव यांचा जन्म १ जून १९३० चा, पुण्यातला. आयुर्वेदाचं शिक्षण घेऊन त्यांनी नाना पेठेत दवाखाना सुरू केला. जवळच बाजार, त्यामुळे रुग्णांत हमाल बरेच. दुखणी तीच ती: पाठ, मान, गुडघे. गोळी देऊन हे बरं होणार नाही, आधी पोतं हलकं व्हायला हवं आणि मजुरी वाढायला हवी, हे त्यांच्या लक्षात आलं. १९५० च्या दशकाच्या मध्यात हमाल पंचायत उभी राहिली. पुढे डॉक्टरकी मागे पडली आणि चळवळ हेच पूर्णवेळ काम झालं.

मुंबईत हीच लढाई अण्णासाहेब पाटील लढत होते. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातून आलेल्या या माणसाने स्वतः ओझी वाहिली होती. घाटावरून आलेले हजारो तरुण मशीद बंदर परिसरात त्याच कामाला होते. अण्णासाहेबांनी त्यांची युनियन बांधली.

संप, मोर्चे, अटका झाल्या आणि वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला.

कायदा चालतो कसा?

खरी कमाल इथे आहे. मालक कोण, या वादात हा कायदा अडकलाच नाही. त्याने मध्ये एक मंडळ आणलं. मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे समसमान प्रतिनिधी, सोबत सरकारनियुक्त सदस्य. व्यापाऱ्यानेही मंडळाकडे नोंदणी करायची आणि कामगारानेही.

उदाहरण घेऊ. समजा, दहा जणांच्या टोळीने ३०० पोती उतरवली आणि दर पोत्यामागे १० रुपये. मजुरी झाली ३,००० रुपये. त्यावर समजा ३० टक्के लेव्ही, म्हणजे ९०० रुपये. व्यापारी हे ३,९०० रुपये टोळीच्या हातात देत नाही, मंडळात भरतो. मंडळ मजुरी कामगारांना देतं आणि लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी सुट्या, उपचार यांची सोय करतं. (आकडे समजण्यापुरते आहेत. प्रत्यक्ष दर मंडळानुसार बदलतात.)

यात व्यापारी दहा असोत की शंभर, फरक पडत नाही. प्रत्येक पोत्यासोबत कामगाराच्या नावावर थोडे पैसे जमा होत राहतात. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर हे चक्क एक ‘पेमेंट गेटवे’ होतं, संगणक नसतानाच्या काळातलं. कायद्याला कोर्टात आव्हान दिलं गेलं, पण तो टिकला.

गिग कामगारांशी संबंध काय?

राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी देशातला पहिला कायदा केला. त्यातही तेच सूत्र आहे: मंडळ, कामगारांची नोंदणी आणि प्रत्येक व्यवहारावर शुल्क. कर्नाटकने २०२५ मध्ये असाच कायदा करून कामगाराला मिळणाऱ्या रकमेच्या १ ते ५ टक्के शुल्क ठरवलं. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्यात कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यायची आहे.

पण एक मोठा फरक राहतो. माथाडी मंडळातून मजुरीसुद्धा जाते आणि पोत्याचा दर टोळीला माहीत असतो, त्यावर करार होतो. डिलिव्हरीचा दर ॲपचा अल्गोरिदम ठरवतो. तो आज का घटला, हे मुलाला कळत नाही. नव्या कायद्यांनी लेव्ही उचलली, दर ठरवण्यातला वाटा मात्र तेवढ्या जोरकसपणे उचलला नाही. हमालांच्या संघर्षाचा अर्धा भाग तर दरासाठीच होता.

कायद्यावर आक्षेप नाहीत का?

आहेत. बोगस माथाडी संघटना उद्योजकांकडून पैसे उकळतात, ही तक्रार जुनी आहे आणि ती पूर्ण खोटीही नाही. त्याच कारणाने राज्य सरकारने २०२३ मध्ये दुरुस्ती विधेयक आणलं. खंडणीखोर आवरण्याच्या नावाखाली खऱ्या कामगारांचं संरक्षण जाईल, असं म्हणत माथाडी संघटनांनी त्याला विरोध केला. विरोध करणाऱ्यांत नव्वदी पार केलेले बाबा आढावही होते.

पुढे काय झालं?

अण्णासाहेबांनी मराठा आरक्षणासाठी मुंबईत मोर्चा काढला आणि दुसऱ्याच दिवशी, २३ मार्च १९८२ ला, आयुष्य संपवलं.

बाबा थांबले नाहीत. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात त्यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ मोहीम काढून दलितांना सार्वजनिक विहिरींवर हक्क मागितला. १९७४ मध्ये कष्टकऱ्यांना स्वस्तात जेवण देणारं ‘कष्टाची भाकर’ सुरू झालं. रिक्षाचालकांसाठी रिक्षा पंचायत झाली. १९९३ मध्ये कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आली. तिच्यातल्या बायकांनाही मालक नव्हता. पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करणारी ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था याच चळवळीतून निघाली. ८ डिसेंबर २०२५ ला, वयाच्या ९५ व्या वर्षी, बाबांचं पुण्यात निधन झालं.

महाराष्ट्राने माथाडी कायदा देशाला दिला. राजस्थान आणि कर्नाटकने त्याचा साचा वापरून गिग कामगारांचा कायदाही केला.