रोजच्या नोंदी (भाग ६) : गोठ्याच्या भिंतीवरचे कॅलेंडर

मागच्या भागात आपण पीकपाहणी तलाठ्याच्या वहीतून शेतकऱ्याच्या मोबाइलवर कशी आली ते पाहिले. १५ ऑगस्ट २०२१पासून ती नोंद शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून, पिकाचा फोटो काढून करायची, अशी व्यवस्था राज्यभर झाली. आज शेतातून गोठ्यात येऊ. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, गोठा हा जोडधंदा राहिलेला नाही. संगमनेर, राहाता, राहुरी, पारनेर, कुठेही जा, सणवार, शाळेची फी आणि दवाखाना अनेक घरांत दुधाच्या पगारावरच निघतो.

अशा घराच्या ओसरीत किंवा थेट गोठ्यात एक कॅलेंडर टांगलेले असते. कधी ‘कालनिर्णय’, कधी दूध संस्थेने दिवाळीला वाटलेले, कधी खताच्या दुकानातले. १९७३मध्ये जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढले, तेव्हा लोकांना तिथी, सण आणि मुहूर्त पाहता यावेत हा हेतू होता. पण तारखेच्या चौकोनात तिथी-नक्षत्र छापूनही जी चिमूटभर जागा मोकळी उरते, ती मराठी घरांनी कधीच आपल्या ताब्यात घेतली. गॅसची टाकी कधी लावली, दूधवाल्याचा खाडा, भिशीचा हप्ता. आणि गोठा असेल तर त्यात बॉलपेनने लिहिलेले दोनच शब्द : ‘कपिला भरली’.

या दोन शब्दांच्या पोटात किती हिशेब आहे, तो पाहण्यासारखा आहे. गाय माजावर आली, डॉक्टरांनी कृत्रिम रेतन केले, म्हणजे गाय भरवली, ती तारीख समजा १० ऑक्टोबर. गाईचा माज साधारण २१ दिवसांनी फिरतो. म्हणून ३१ ऑक्टोबरच्या आसपास तिच्यावर डोळा ठेवायचा. पुन्हा माजावर आली तर ती उलटली, म्हणजे तीन आठवडे वाया गेले आणि पुन्हा भरवण्याचा खर्च आला. नाही आली तर दोन-तीन महिन्यांनी गाभण तपासणी. गाईचा गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा. जुने लोक नऊ महिने नऊ दिवस मोजतात आणि त्यांचे गणित फारसे चुकत नाही. म्हणजे ही गाय पुढच्या जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात विणार. त्याआधी दोन महिने, मेच्या मध्याला, तिला आटवायचे, म्हणजे दूध काढणे बंद करायचे. ती तारीख हुकली की पुढच्या वेताचे दूध घटते. एका चौकोनातली नोंद अशी चार तारखांना बांधलेली असते.

हीच माहिती आता डिजिटलही झाली आहे. गाईच्या कानात पिवळा बिल्ला, त्यावर बारा अंकी क्रमांक, आणि तो क्रमांक ‘भारत पशुधन’ या केंद्र सरकारच्या प्रणालीत. २०२४मध्ये राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपयांचे अनुदान दिले, तेव्हा ते थेट बँक खात्यात जमा होण्यासाठी गाईच्या कानात बिल्ला आणि प्रणालीत नोंद असणे आवश्यक होते. त्याच वर्षी बिल्ला नसलेल्या जनावरांच्या बाजारातल्या खरेदी-विक्रीलाही आडकाठी आली. लोणी, काष्टी, घोडेगावचे बाजार ज्यांनी पाहिलेत त्यांना हा बदल केवढा ते सांगायला नको. संकलन केंद्रावर तर हाताने भरायचे दूध कार्ड बहुतेक ठिकाणी मागे पडले. भांडे काट्यावर ठेवले की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट वगळून उरणारे घन घटक), दर आणि रक्कम छापलेली चिठ्ठी बाहेर येते, कुठे मोबाइलवर संदेशही येतो. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. पॉइंट कमी लागला तर पैसे कापले जातात. हाताने कार्ड भरले जाई तेव्हा या पॉइंटवरून होणारी भांडणे गावाला नवीन नव्हती.

मग कॅलेंडर अजून भिंतीवर का? सवय म्हणून, असे म्हणून मोकळे होता येईल, पण मला ते पटत नाही. कॅलेंडर उघडावे लागत नाही. धार काढायला जाणाऱ्या सुनेला ते दिसते, सासऱ्याला दिसते, वैरण टाकणाऱ्या पोरालाही दिसते. फोन एकाच्या खिशात असतो, त्याला कुलूप असते, आणि तो खिसा नेमका त्या दिवशी नगरला गेलेला असतो. अनेक घरांत गोठ्याचे निम्म्याहून अधिक काम बायका करतात आणि नोंदीचे अॅप मात्र पुरुषाच्या फोनवर असते, हेही जाता जाता सांगायला हवे.

दुसरे कारण हाताचे. २०१४मध्ये पॅम म्यूलर आणि डॅनियल ओपनहायमर यांचा एक अभ्यास खूप गाजला. लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी ऐकलेले जवळपास शब्दशः उतरवतात. हाताने लिहिणाऱ्यांना तेवढा वेग नसतो, म्हणून ते निवडून, आपल्या शब्दांत लिहितात, आणि समज तपासणाऱ्या प्रश्नांत पुढे राहतात, असा त्याचा निष्कर्ष. व्हॉट्सअॅपवर तो अजून फिरतो. पण २०२१मध्ये तोच प्रयोग दुसऱ्या गटाने पुन्हा केला, तेव्हा लॅपटॉपवाल्यांनी शब्दशः जास्त लिहिले हे खरे ठरले, गुणांतला फरक मात्र सापडला नाही. ही दुसरी बातमी फारशी फिरली नाही. २०२४मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या संशोधकांनी ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्यावर २५६ इलेक्ट्रोडची टोपी चढवून पाहिले. अक्षर वळवताना मेंदूच्या दूरदूरच्या भागांत जो समन्वय दिसला, तो कळ दाबताना दिसला नाही. गंमत अशी की त्या मुलांच्या हातात साधे पेन नव्हते, डिजिटल पेन होते, आणि ती स्क्रीनवर लिहीत होती. तेव्हा हा प्रयोग कागदाची बाजू घेत नाही. तो अक्षर वळवणाऱ्या हाताबद्दल बोलतो.

चौकोनात जागा दोन शब्दांची, म्हणून काय लिहायचे ते आधी ठरवावे लागते. अॅपमध्ये वीस रकाने असतात आणि ते भरायचे असतात म्हणून भरले जातात. माझ्या मते फरक इथे पडतो.

हाताच्या लेखनाचे दोष मात्र निदान नगर जिल्ह्यात तरी झाकू नयेत. शके १२१२मध्ये, म्हणजे १२९०मध्ये, याच जिल्ह्यातल्या नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढे नकलांवरून नकला होत गेल्या आणि पाठभेद इतके साचले की १५८४मध्ये पैठणच्या एकनाथांना शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. ज्ञानेश्वरीची ही गत, तर बारा अंकी बिल्ल्याचे काय! देवनागरी १ आणि ९ घाईत सारखेच दिसतात. असा क्रमांक हाताने उतरवूच नये, फोनने बिल्ल्याचा फोटो काढावा. संकलन केंद्राच्या चिठ्ठ्यांचाही काढावा, कारण तो उष्णतेने छापणारा कागद असतो आणि पत्र्याच्या गोठ्यात काही महिन्यांत कोरा होऊन बसतो. ज्या नोंदीवर दुसऱ्याकडून पैसे घ्यायचे आहेत, ती यंत्राकडे द्यावी. गाय कधी उलटू शकते, कधी आटवायची, हे मात्र घरातल्या प्रत्येकाच्या नजरेसमोर, घरच्या अक्षरात असलेले बरे.

भिंतीवरच्या नोंदीत एक खोट आहे, आणि ती डिसेंबरात कळते. १० ऑक्टोबरला भरलेली गाय जुलैत विते, पण ऑक्टोबरचे पान तोवर पोरांच्या पुस्तकांना कव्हर म्हणून गेलेले असते. तेव्हा यंदा नवे कॅलेंडर टांगण्याआधी जुन्याच्या एप्रिलपासूनच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा आणि विण्याच्या, आटवण्याच्या तारखा नव्या कॅलेंडरवर हाताने उतरवून घ्या. पुढच्या आठवड्यात : किराणा दुकानातली उधारीची वही.